दोघींचं इस्ट्रोजेन कमी, मग मी भाजतेय आणि लेक गारठतेय, असं का?

सईची_आई (सोमवार, रात्री १०:५२)

मंडळी, विषय बायकांचा आहे, पण पुरुषांनी पळून जाऊ नये.

मी ४७ वर्षांची, ठाण्याची. वर्षभर पाळी तिच्या मनाला येईल तेव्हा येते. भर जानेवारीत लोकलमध्ये छातीतून मानेवर अशी वाफ चढते की शेजारची बाई स्वतःहून खिडकी देते. (मुंबईच्या लोकलमध्ये कुणी खिडकी देतं म्हणजे चेहरा कसा दिसत असेल, कल्पना करा.) खाणं तेच, चालणं तेच, पण पोट मात्र पुढे. हे सगळं वयाचं, मान्य.

त्याच घरात माझी १९ वर्षांची लेक. हाफ मॅरेथॉनचं वेड लागलंय. पहाटे येऊरला पळायला जाते, भात-पोळी सोडली आहे, आणि पाच महिने पाळी नाही. तिचं म्हणणं, "बरंच झालं, कटकट गेली." सोनोग्राफी ठीक. डॉक्टर म्हणाल्या, "अंडाशयाचा दोष नाही, वरून सिग्नल येत नाहीये." वरून म्हणजे डोक्यातून!

रिपोर्टप्रमाणे इस्ट्रोजेन दोघींचंही कमी. मग मी पंख्याखाली आणि ती मे महिन्यात स्वेटर घालून, हे कसं? आणि पाळीचा डोक्याशी संबंध काय?

रिकामटेकडा (सोमवार, रात्री ११:०५)

आमच्या घरी पंख्याचा वेग हा लग्नापासूनचा वादाचा मुद्दा. त्यालाही शास्त्रीय कारण निघालं तर बरं होईल. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

घाटवाट (सोमवार, रात्री ११:२०)

ताई, वाफांपुरतं +१०००. मी ५१. मला सासूबाईंनी सांगितलं, "उष्णता झालीय, सब्जा खा." किलोभर सब्जा खाल्ला असेन. वाफ आली की आलीच.

मुक्तपेशी (मंगळवार, सकाळी ७:४०)

मी याच क्षेत्रात काम करते (उंदरांच्या मेंदूवर, माणसांच्या नाही, हे आधीच सांगते). सईची_आई, तुमचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तिथल्या जेमतेम एक-दोन हजार पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतात, साधारण तास-दीड तासाला एक ठोका. त्यावर मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, त्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं, आणि ते इस्ट्रोजेन रक्तातून परत मेंदूत जाऊन सांगतं की काम झालं. म्हणजे हे चक्र आहे, वरून खाली येणारा हुकूम नव्हे. ठोका महत्त्वाचा, हे १९७८ मध्ये पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवलं. तासाला एकदा जीएनआरएच दिलं की चक्र चालतं, सलग सोडत राहिलं की पियुषिका गप्प बसते.

आता गंमत. या जीएनआरएच पेशींवर इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर (संप्रेरक ओळखणारा रेणू), अल्फा, नसतोच. पत्र ज्याच्या नावाचं, त्यालाच वाचता येत नाही! मग वाचून कोण दाखवतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. २००३ मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या दोन गटांना स्वतंत्रपणे अशी कुटुंबं सापडली ज्यांत काहींना वयातच येता येत नव्हतं. बिघाड होता तो किसपेप्टिन नावाच्या रेणूच्या रिसेप्टरमध्ये. पत्र वाचणारे ते हेच, किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशी. त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर असतो. त्यांचा एक गट इस्ट्रोजेन वाढलं की ठोके मंद करतो. दुसरा गट उलट वागतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर इस्ट्रॅडिऑल (हे मुख्य इस्ट्रोजेन) दोनेक दिवस दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या वर टिकलं की एलएचची लाट उसळते आणि बीज बाहेर पडतं. उंदरात हे दोन गट दोन वेगळ्या जागी स्पष्ट दिसतात, माणसात ती सीमा तितकी ठळक नाही.

वाफांचं लिहायचं राहिलं. लॅबला पळते, रात्री येते.

रिकामटेकडा (मंगळवार, सकाळी ९:१५)

किस-पेप्टिन? हे नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या घरी काय चाललं होतं?

मुक्तपेशी (मंगळवार, दुपारी १:०२)

चॉकलेट चाललं होतं. हे जनुक १९९६ मध्ये कर्करोगाच्या संशोधनात सापडलं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी गावी. हर्षीज किसेस नावाच्या चॉकलेटांचं ते गाव, त्यावरून किस-१. पुनरुत्पादनाशी याचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. आणखी ऐका. यातल्या ठोके मंद करणाऱ्या गटातल्या पेशी किसपेप्टिनबरोबर न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिनही बनवतात, म्हणून तिन्हींची आद्याक्षरं जुळवून त्यांना म्हणतात कँडी पेशी.

रिकामटेकडा (मंगळवार, दुपारी १:१०)

हसून हसून पुरेवाट. चॉकलेट, कँडी, आणि डॉक्टर म्हणतात गोड सोडा.

मुक्तपेशी (मंगळवार, रात्री १०:३०)

हं, तर वाफा.

गणपतीत मंडळाचा स्पीकर दहा वाजता बंद करायला पोलीस येतो ना, तो पोलीस म्हणजे इस्ट्रोजेन. कँडी पेशींना रोज येऊन "पुरे आता" म्हणणारा. रजोनिवृत्तीत अंडाशयातली बीजं संपत येतात, इस्ट्रोजेन घटतं, पोलीस यायचा बंद होतो. कँडी पेशींना वाटतं खाली ऐकूच जात नाहीये, म्हणून त्या आणखी ओरडतात. नेओमी रान्स यांनी १९९० मध्ये पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूंचे मृत्यूनंतरचे नमुने तपासले, तर त्या भागातल्या पेशी चक्क फुगलेल्या दिसल्या. आणि या पेशींचे धागे जातात शेजारच्याच घरात, शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्रात. स्पीकर मंडळाचा, झोपमोड शेजाऱ्याची. ते केंद्र बिचकतं, अंग तापलंय असं समजून त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम काढतं. ताप नसतोच. ही तुमची लोकलमधली वाफ.

आता सई. तिथे पोलीस येत नाही हे खरं, पण मंडळाने वर्गणीच जमली नाही म्हणून स्पीकर आणलाच नाही. वर्गणी म्हणजे खाण्यातून मिळणारी ऊर्जा. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की चरबीतून येणारं लेप्टिन घटतं, ताणाची संप्रेरकं वाढतात, किसपेप्टिनवाल्या पेशी आवाज खाली घेतात आणि जीएनआरएचचे ठोके विरळ होतात. शरीर काटकसरीला लागतं, उष्णता तयार करणंही आखडतं, म्हणून ती गारठते. तुमचा मेंदू ओरडतोय आणि अंडाशय ऐकत नाही. तिचं अंडाशय कान देऊन बसलंय आणि मेंदूच बोलत नाही. इस्ट्रोजेनचा आकडा दोघींचा सारखा दिसला तरी एफएसएच आणि एलएच बघा, एकीचे वर चढलेले असतील, दुसरीचे खाली.

घाटवाट (मंगळवार, रात्री १०:४१)

_/\_ दंडवत. वाचनखूण साठवली. सब्जाचे पैसे सासूबाईंकडून परत मागावेत का?

गोठेवाले_डॉक्टर (बुधवार, सकाळी ६:२५)

आम्ही जनावरांचे डॉक्टर, सांगली भाग. कुणी राग मानू नये, पण सईची केस मी आठवड्यातून चारदा बघतो.

गाय व्यायली की सहा-आठ आठवड्यांत दूध शिखरावर जातं, पण तिची भूक त्या वेगानं वाढत नाही. चाऱ्यातून येतं त्यापेक्षा दुधातून जास्त जातं. अंगावरची चरबी वितळते, बरगड्या मोजता येतात, आणि गाय माजावर येत नाही. शेतकरी म्हणतो, "डॉक्टर, इंजेक्शन टोचा." मी आधी गव्हाण बघतो. नुसता ऊस-वाढ्यांचा चारा असेल तर काय बोलायचं? गायीच्या मेंदूनं हिशेब केलेला असतो, एक वासरू पाजायचंच जड जातंय, त्यात दुसऱ्याचं आमंत्रण नको.

इंजेक्शन आहेच. जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी परत जीएनआरएच आणि दुसऱ्या दिवशी रेतन. बऱ्याच जणी फळतात. पण हाडाची काडं झालेल्या गायीवर ते वाया जातं. रसायन तेच, मुक्तपेशी बाईंनी सांगितलेलं.

म्हशीची तऱ्हा आणखी वेगळी. उन्हाळ्यात मुका माज. आतून सगळं घडतं, बाहेरून लक्षण नाही. मालक म्हणतो भाकड झाली, आणि ती बिचारी दर एकवीस दिवसांनी तयार असते.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ११:५०)

चर्चा छान, पण पोटाचा मुद्दा सगळ्यांनी "हार्मोन्स" म्हणून सोडून दिला, त्याला माझा आक्षेप.

२०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. २९ देश, ६,४०० हून जास्त माणसं, वय आठ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर २० ते ६० या वयात रोजचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर. रजोनिवृत्तीपाशी खड्डा वगैरे काही नाही. "चाळिशीनंतर चयापचय मंदावतं" हे आपण स्वतःला सांगितलेलं गोड खोटं आहे. ताई, राग नको, पण "खाणं तेच, चालणं तेच" हे कुणी वहीत लिहून बघितलंय का?

सईची_आई (बुधवार, दुपारी २:१५)

वहीत नाही लिहिलं. पण माझा डबा मीच भरते हो, त्याच डब्यात.

घाटवाट (बुधवार, दुपारी २:३०)

@आकडेमोड, ताई साडीच्या निऱ्यांवरून बोलतायत, तुम्ही २९ देशांवरून.

मुक्तपेशी (बुधवार, रात्री ९:४५)

आकडेमोड यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण दोन गोष्टी एकत्र झाल्यात, वजन किती आणि चरबी कुठे.

अमेरिकेत स्वान नावाचा अभ्यास मध्यमवयीन बायकांना वर्षानुवर्षं तपासत आलाय. त्यात वजनाची रेषा सरळच चढत होती, पाळी जाण्याच्या सुमारास तिने काही उडी मारली नाही. शेवटच्या पाळीच्या दोनेक वर्षं आधीपासून चरबी साठण्याचा वेग मात्र साधारण दुप्पट झाला आणि त्याच वेळी स्नायू घटायला लागले. काट्यावर दोन्हींची वजाबाकी होते, म्हणून कळत नाही. नितंब-मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकते ती वेगळीच. डबा तोच, काटा जवळपास तोच, आणि निऱ्यांना जागा नाही, हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

उंदरांत आम्हाला यामागचं यंत्र जास्त स्पष्ट दिसतं. हायपोथॅलॅमसमध्ये भूक आवरणाऱ्या पॉमक नावाच्या पेशी आहेत. २०११ मध्ये योंग शू, डेबोरा क्लेग आणि सहकाऱ्यांनी माद्यांच्या फक्त त्या पेशींतला अल्फा रिसेप्टर काढला, तर त्या जास्त खायला लागल्या. शेजारच्या दुसऱ्या केंद्रातून काढला, तर खाणं वाढलं नाही, ऊर्जाखर्च घटला, पोटात चरबी साठली आणि बीजही सुटेनासं झालं. एकाच संप्रेरकाची दोन खाती, दोन वेगळ्या टेबलांवर.

हालचालीचंही तसंच. उंदरीण माजावर असते त्या रात्री चाकात जास्त पळते, हे १९२३ पासून माहीत आहे. १०० वर्षं होत आली तेव्हा, २०२१ मध्ये, हॉली इंग्रॅहम यांच्या गटाने दाखवलं की इस्ट्रोजेन त्या दुसऱ्या केंद्रातल्या काही पेशींत एमसी४आर हे जनुक चालू करतं आणि त्यानं हालचाल वाढते. माणसात हे जसंच्या तसं चालतं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माणूस चाकात पळत नाही.

रिकामटेकडा (बुधवार, रात्री ९:५८)

जिमला पैसे भरून चाकातच पळतात की. असो. एकूण आम्ही पुरुष सुटलो म्हणायचं.

मुक्तपेशी (बुधवार, रात्री १०:२०)

नाही सुटलात. पुरुषांच्या मेंदूत, चरबीत, हाडांत टेस्टोस्टेरॉनचंच इस्ट्रोजेन होतं, अरोमटेज नावाच्या विकरामुळे. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली. त्याचा अल्फा रिसेप्टरच निकामी. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची टोकं मिटली नव्हती. हाडं ठिसूळ, साखरेचं गणित बिघडलेलं, आणि तेही टेस्टोस्टेरॉन पुरेसं असूनही.

२०१३ मध्ये जोएल फिंकेलस्टाइन यांच्या गटाने निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करून बाहेरून जेल दिलं, आणि त्यांपैकी एका गटात त्याचं इस्ट्रोजेन होऊ दिलं नाही. स्नायू घटले ते टेस्टोस्टेरॉनअभावी, पण चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेनअभावी.

रिकामटेकडा (बुधवार, रात्री १०:२३)

प्रतिसाद काढून टाकला आहे.

ऊसाच्या_फडावर (गुरुवार, दुपारी ४:१०)

मी आरोग्य खात्यात होते, बीड जिल्ह्यात. वाचून गप्प बसवेना.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांची समिती बसली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. कितीतरी तिशीतल्या. कोयत्याची (नवरा-बायकोच्या जोडीची) उचल घेतलेली, पाळीत खाडा झाला की दंड, म्हणून "पिशवी काढून टाक."

पिशवी काढली म्हणजे पाळी थांबते, इस्ट्रोजेन नाही. ते अंडाशयातून येतं. पण काहींची अंडाशयंही सोबत काढली गेली. ती जाग्यावर ठेवली तरी लवकर थकण्याची शक्यता वाढते. मग ३२ वर्षांची बाई फडावर उभी, ऊन डोक्यावर, आणि आतूनही वाफा. नवरा म्हणतो, "उष्णता झालीय." ती विचारायची, "बाई, माझं हे सगळं आत्ताच कसं झालं?" तेव्हा मी तिला कॅल्शियमच्या गोळ्या द्यायचे. मेंदूतला तो पोलीस एका दिवसात उचलून नेलाय, हे तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. वर मुक्तपेशी यांनी लिहिलंय ते मला तेव्हा मिळायला हवं होतं.

घाटवाट (गुरुवार, दुपारी ४:३०)

काय बोलणार.

हिरवी_चटणी (गुरुवार, रात्री ८:००)

वाचून सुन्न झाले. विषय बदलल्याबद्दल माफी, पण वाफांवर उपाय काय? माझ्या मैत्रिणीला शतावरी आणि सोयाबीन सांगितलंय. नैसर्गिक म्हणजे अपाय तरी नाही ना?

गोठेवाले_डॉक्टर (गुरुवार, रात्री ८:४०)

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं मेंढ्यांना विचारू नका. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरून वांझ झाल्या. त्या गवतात इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं होती. आपण वाटीभर सोयाबीन खातो, मेंढ्या दिवसभर तेच चरत होत्या, हा फरक आहेच.

मुक्तपेशी (गुरुवार, रात्री १०:०५)

मी प्राण्यांवर काम करणारी, औषध सांगणार नाही. माहिती एवढीच. इस्ट्रोजेन परत देणं हा वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय, पण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या वगैरे इतिहास पाहून डॉक्टरच ठरवतात. २००२ मध्ये याच उपचाराचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवल्यावर जगभर घबराट झाली होती. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातम्यांत मागे पडलं.

दुसरी वाट कँडी पेशींच्या ज्ञानातून निघाली. पोलीस परत आणायचा नाही, स्पीकरची वायर काढायची. न्यूरोकायनिन बीचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे यकृताला इजा होऊ शकते असा ठळक इशारा त्यावर आला, म्हणून रक्ततपासण्या कराव्या लागतात.

आकडेमोड (शुक्रवार, सकाळी ९:३०)

स्वानचा मुद्दा पटला. काट्यावर विसंबलो, चूक माझी.

पण मूळ प्रश्नातली अर्धी बाजू राहिली. सईचं काय करायचं? ताईंनी परत काही लिहिलं नाही.

सईची_आई (शुक्रवार, रात्री ११:३०)

लिहिते. रिपोर्ट काढून पाहिले. माझं एफएसएच ६१, तिचं ३.८. एलएच माझं ३४, तिचं १.२. मुक्तपेशी, तुम्ही म्हणालात तसंच. दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

एक गोंधळ आहे. मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या, २१ दिवसांच्या पाकिटाच्या. त्या संपल्यावर पाळी आली, आम्ही सुटलो म्हटलं. पाकीट थांबवलं, परत काही नाही.

मुक्तपेशी (शनिवार, सकाळी ८:१०)

ती पाळी नव्हती, गोळ्या थांबल्यावर अस्तर गळून येणारा रक्तस्राव होता. मेंदू तेव्हाही गप्पच होता, उलट त्या गोळ्या त्याला गप्प ठेवतात. निव्वळ पाळी परत आणण्यासाठी किंवा हाडांसाठी त्या देऊ नयेत असं एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मुख्य उपचार वर्गणी वाढवणं. अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगात पळण्याचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० किलोकॅलरींपेक्षा कमी उरल्या, तर पाचच दिवसांत एलएचचे ठोके विस्कटले. वजन उतरायची वाटही मेंदू पाहत नाही. सई बारीक दिसते की नाही यावर जाऊ नका.

हाडांची घनता तपासून घ्या. १९ वय म्हणजे हाडांची बँक भरायची शेवटची वर्षं. आणि क्रीडा-आहारतज्ज्ञ गाठा, आईने ताट वाढून हे होत नाही, भांडणं होतात.

गोठेवाले_डॉक्टर (शनिवार, सकाळी ८:३०)

पळणं बंद करू नका म्हणावं. गव्हाण भरा.

सईची_आई (सात आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:००)

धागा वर काढतेय. आहारतज्ज्ञ बाईंनी पळण्याआधी केळं आणि आल्यावर भात सुरू केला, पळणं आठवड्यात सहाचं चार दिवस. पाळी अजून नाही. डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या हाडाची घनता वयाच्या मानाने जरा कमी आली, त्यानंतर मात्र भाताला नाही म्हणत नाही. स्वेटर कपाटात गेलाय.

माझ्या वाफा चालूच, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे. सईने हा सगळा धागा वाचला. विचारतेय, "आई, मला गाय म्हणणारे ते सांगलीचे काका कोण?"

गोठेवाले_डॉक्टर (रविवार, संध्याकाळी ६:२२)

तिला सांगा, आमच्याकडे ती शिवी नाही. आणि पुढच्या वेळी रिपोर्ट काढाल तेव्हा एलएच इथं लिहा.